डिकीत बसलेली खुर्ची

मोजमाप, जे घेतलं नाही

"माझी खुर्ची की तुझा डबा?" दोन्या ओतिलियांनी विचारलं.

"दोन्ही," एलॉय म्हणाला.

गाडी दोन्या ओतिलियांच्या, म्हणजे ओतिलियाबाईंच्या, नवऱ्याची. लांबलचक, चेरीसारखी लाल, रस्त्याला पोट टेकवून चालणारी. डॉन सेल्सो गेले तेव्हापासून ती शेडमध्ये उभी होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता. जावई एलॉय माएस्तास तिला रोज पुसायचा. भाचा अर्सेनिओ तिची रोज स्तुती करायचा. एलॉयला त्या गाडीत दणदणीत सबवूफर, म्हणजे डिकीत बसणारा मोठ्या स्पीकरचा डबा, हवा होता. एस्पान्योला गावात मुकी गाडी घेऊन फिरणाऱ्याला लोक आधी तब्येत विचारतात.

पण दोन्यांचे गुडघे गेले होते. जिथे त्या, तिथे त्यांची घडीची व्हीलचेअर, आणि व्हीलचेअर ठेवायची जागा म्हणजे डिकी.

"रविवारी खुर्ची डिकीत घालून मला चर्चला ने. गाडी तुझी," दोन्या म्हणाल्या. "खुर्ची डिकीत बसली नाही, तर गाडी अर्सेनिओची. त्याला गाण्याचा शौक नाही."

"त्याला कसलाच शौक नाही, दोन्या."

"म्हणूनच त्याच्याकडे जागा असते, मिहो."

मिहो म्हणजे बाळा. पण दोन्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला, की बाळाला पाळण्यातून उचलून उन्हात उभं केल्यासारखं वाटायचं.

एलॉय त्याच पावली आपल्या प्रिमोकडे, म्हणजे मावसभावाकडे, गेला. तिबो सायलेन्सर दुरुस्त करायचा आणि त्याच्याकडे हत्यारं होती.

"लाकडी खोका सरळ असतो, प्रिमो, आणि गाडी वाकडी," एलॉयने त्याला समजावलं. "खोका मधोमध बसून सगळी डिकी खातो. फायबरचं तसं नाही. मागच्या चाकावर तो पोकळ कोपरा आहे ना, त्याच्या अंगाला अंग लावून बसतं. उरलेली डिकी सासूबाईंची."

"मग खुर्ची मोजून घेऊ." तिबोने टेप काढली.

"मोजायचं कशाला? खुर्चीच आत ठेवू आणि तिच्या कडेकडेने कापड ताणू. अगदी तिच्या मापाचा कोनाडा तयार होईल."

तिबोने टेप परत खिशात घातली.


पहिला थर

पहिल्या थराबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण तो चांगला झाला. डिकीच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली, वर चांदीचा कागद, त्यावर फायबरची चटई, त्यावर ब्रशने रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चिकट रस. वाळल्यावर एलॉयने दोन्ही हातांनी ओढलं आणि कोपऱ्याच्या आकाराची टणक कवटी कट्‌कन हातात आली. एलॉयने तिचा मुका घेतला. एका कडेला रेझिन अजून ओलं होतं. ओर्लिंडाने कात्रीने नवऱ्याच्या मिशीची डावी बाजू कापून त्याला कवटीपासून सोडवलं.

"इथेच थांब आता," ती म्हणाली. "देवाने इशारा दिलाय."

"मिशीला दिलाय," एलॉय म्हणाला. "डब्याला नाही."


दुसरा थर, हार्डनर जरा सढळ हाताने

कवटी परत डिकीत बसवली. स्पीकरसाठी लाकडी कडं उभं केलं. घडी घातलेली व्हीलचेअर स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळून शेजारी ठेवली. दोन्यांची जपमाळ खुर्चीच्या मुठीला कायम अडकवलेली असायची. तीही तशीच गुंडाळली गेली. मग कापड ताणायला घेतलं, ते अर्ध्यात संपलं. वाळत घातलेला ओर्लिंडाचा जांभळा फ्लीसचा गाऊन समोरच दोरीवर होता. डब्यालाही तसंच मऊ, ताणलं जाणारं कापड लागतं, यात एलॉयचं चुकलं नव्हतं. गाऊन कोणाचा, एवढंच चुकलं.

दिवस कलला तसा गारठा पडला.

"गारठ्यात वाळणार नाही हे," एलॉय म्हणाला आणि रेझिनमध्ये ते लवकर कडक करणारा हार्डनर ओतला. जरा थांबून आणखी ओतला.

"बाटलीवर लिहिलंय थेंब थेंब घाला," तिबो म्हणाला.

"बाटलीवर लिहिणाऱ्याला रविवारी चर्चला जायचं नव्हतं."

रेझिन फासून दोघे घरात राजमा खायला गेले. हार्डनर जास्त झाला की रेझिन तापतं. ते इतकं तापलं की डिकीतून धूर निघाला. खुर्चीवरची फिल्म दुधावरच्या सायीसारखी आक्रसली आणि वाट मिळेल तिकडे रेझिन शिरलं. चाकांच्या तारांतून, पायटेकणीखालून, हातांच्या सांध्यांतून. दोघे धावत येईपर्यंत सगळं दगड झालं होतं. तापताना खुर्चीही वर उचलली गेली होती. मुठी डिकीबाहेर, झाकण लागेना, आणि जांभळ्या चकचकीत रेझिनखाली जपमाळेचा मणी न् मणी मांडून ठेवल्यासारखा दिसत होता.

"निघेल," एलॉय म्हणाला.

"प्रिमो, देवाची माळसुद्धा आत गेली."

"निघेल म्हणतोय ना!"


हा थर नव्हे, हे नुसतं ओढणं

शनिवारी सकाळी साबणाचं पाणी ओतून झालं. दोर बांधून झाला. दोराचं दुसरं टोक झाडाला बांधून गाडी पुढे घेऊन झाली, तेव्हा झाड हललं. खालून जॅक लावला, तर डिकीचा पत्रा पोळीसारखा फुगला. डबा आणि खुर्ची मिळून आता एक वस्तू झाली होती, आणि ती वस्तू डिकीच्या तोंडापेक्षा मोठी होती.

"कापू या," तिबो म्हणाला.

"काय कापू? खुर्ची कापली तर गाडी गेली. डबा कापला तर गाडी घेऊन करू काय? काही कापायचं नाही. दोन्ही वाचवायचं."

घरातून आवाज आला. "एलॉय! माझी खुर्ची?"

"तेल घालतोय, दोन्या!"

"कालपासून? विहीर खणलीस का तेलाची?"

खुर्ची नाही म्हणून दोन्या खोलीत पलंगावर अडकून पडल्या होत्या. रोज सकाळी ओसरीवर बसून सगळ्या रस्त्याची हजेरी घेणाऱ्या दोन्या आज ओसरीवर नव्हत्या. हे रस्त्याने पाहिलं.

तिबोच्या दुकानात गरम हवेचं यंत्र होतं. उष्णतेने चिकटलंय, उष्णतेनेच सुटेल, असं एलॉयने ठरवलं आणि डिकी उघडी ठेवून गाडी काढली.


गावातला मोठा रस्ता

शनिवारी त्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या मुंगीच्या चालीने जातात, कारण कुठे पोचायचं नसतं, दाखवायचं असतं. एलॉयची लाल गाडी त्या रांगेत शिरली. उघड्या डिकीत चकचकीत जांभळं, त्यात रुतलेली रिकामी व्हीलचेअर, तिच्यावर जपमाळ. आता या गावात कोणी गेलं की त्याची आठवण गाडीत बसवायची पद्धत आहे. कोणाची टोपी काचेखाली ठेवतात, कोणाची गिटार रेझिनमध्ये जडवतात, कोणाचा हसरा चेहरा बॉनेटवर रंगवून घेतात. हे एलॉयला माहीत होतं. त्याने स्वतः अशा किती गाड्यांना टोपी काढली होती. फक्त त्या क्षणी तो रस्त्याकडे बघत मनात म्हणत होता, निघेल, निघेल.

फुटपाथवरच्या माणसांनी टोप्या काढल्या. कोणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली. मागच्या गाड्यांनी आपापली गाणी बंद केली.

'आज रस्ता किती शांत आहे,' एलॉयला वाटलं.


अंगण

गरम हवेने काहीच सुटलं नाही. उलट रेझिनचा वास एलॉयच्या डोळ्यांत गेला. तो घरी परतला तेव्हा डोळे लाल, नाक वाहतंय, आणि फायबरच्या कुसळांनी अंगाला अशी खाज, की उभ्या उभ्या थरथरत होता. अंगणात शेजारीण लुगार्डा मोठं झाकलेलं पातेलं घेऊन उभी होती. मागे आणखी दोघी होत्या. सगळ्या काळ्या कपड्यांत.

"फार वाईट झालं रे," लुगार्डा म्हणाली.

बातमी पसरली म्हणायची, असं एलॉयला वाटलं. "काय करणार? संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं. एकदम तापलं, आणि संपलं."

"ताप आला होता? अरे देवा! त्रास झाला का फार?"

"मला झाला. पण मी आशा सोडलेली नाही, लुगार्डाबाई. रविवारी बाहेर काढतोच की नाही बघा."

लुगार्डाने पातेलं खाली ठेवलं. "रविवारी? थडग्यातून?"

"रविवारी. अंगाला ओरखडासुद्धा न येऊ देता."

मागच्या दोघी गुडघ्यांवर बसल्या.

तेवढ्यात ओर्लिंडा बेकरीतल्या कामावरून पळत आली. हातात मालकाने दिलेला गोड पावांचा ट्रे, डोळ्यांतून धारा. "तीन गिऱ्हाइकं येऊन सांगून गेली! तिघी! आई गेली आणि तू मला फोन करत नाहीस? डिकीत खुर्ची बसवायला तुला वेळ आहे?"

एलॉयने बायकोकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. डिकीतल्या जांभळ्या खुर्चीकडे, जणू दुसऱ्याचीच गाडी असावी तशा नजरेने, पाहिलं. आणि खाजवायचा थांबला.

घरातून आवाज आला. "ओर्लिंडा! कोण मेलंय?"


बंद दार, थोडीशी फट

लुगार्डा आणि त्या दोघींना पायरीवर बसवून पाणी पाजलं. त्यांनी कोणाला काही सांगू नये असं दोन्यांनी आतूनच बजावलं.

"आई, पण बाकीच्यांना सांगायला हवं!"

"सांगू की. आधी त्यांचं माझ्याविषयी बोलून होऊ दे. दार लोटून घे. पूर्ण नको, मला ऐकू आलं पाहिजे. एलॉय, तू मधल्या खोलीत बस. आणि डोळे चोळू नकोस, छान लाल झालेत."

मग लोक आले. दाराच्या फटीतून आत जे पोचलं ते असं:

"तिच्या हातच्या पोसोले रश्शाला तोड नव्हती."

"नव्हतीच. मीठ जरा जास्त असायचं त्यात."

"पण बाई मनाची चांगली."

"तोंडाची नव्हती."

"तोंडाचं कोण बोलतंय?"

"आणि जावई बघ. कुठला जावई सासूसाठी असं काम करतो? एका रात्रीत!"

"आधीपासून तयारी असणार."

"श्श!"

एलॉय खाली मान घालून बसला होता. आतून पलंग करकरला की तो मोठ्याने खोकत होता. खरं सांगायचं हे त्याने दोनदा ठरवलं. पण खरं सांगायचं म्हणजे खुर्ची अडकली हे सांगायचं, आणि खुर्ची अडकली म्हणजे गाडी अर्सेनिओची.

अर्सेनिओ शेवटी आला. काळा कोट, केस चापून बसवलेले. त्याने ताट भरून घेतलं, एलॉयला एका हाताने मिठी मारली आणि दुसऱ्या हाताने ताट सांभाळलं.

"मावशी म्हणजे सोनं होती," तो घास गिळत म्हणाला. "किल्ली अजून त्या खिळ्यालाच असते ना?"

"कसली किल्ली?"

"गाडीची. मावशी काही आता रविवारी चर्चला येत नाही, मग उगाच वेळ कशाला घालवायचा? संध्याकाळी नेतो. डिकीतलं ते भंगार मात्र तू काढून दे."

एलॉय उठला. दोन दिवस त्याने रेझिन खाल्लं होतं, अर्धी मिशी घालवली होती, झाड हलवलं होतं.

"भंगार?" तो म्हणाला. "अरे, कोपरा बघ तो! एका केसाची फट नाही! किल्ली हवी तर घे, पण त्याला भंगार म्हणायचं नाही. खुर्चीसकट न्यायचं आणि खुर्चीसकट सांभाळायचं!"

"खुर्ची कोणाला लागणार आहे आता?"

"मला!" आतून दोन्या ओरडल्या.

अर्सेनिओच्या हातातलं ताट पडलं. बाकीची मंडळी ज्या दाराने आली त्या दाराने गेली. दोघेजण खिडकीने गेले.

फक्त अर्सेनिओ उरला. ओर्लिंडाने दार ढकललं. दोन्या पलंगावर ताठ बसल्या होत्या, पाठीला तीन उशा.

"खुर्ची डिकीत बसली का, एलॉय?"

एलॉय दारापाशी आला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बसलीय, दोन्या. पण बाहेर निघत नाही."

"बाहेर निघायचं मी कुठे म्हटलं होतं? गाडी तुझी."

"मावशी, हा अन्याय आहे!" अर्सेनिओ म्हणाला. "मग चर्चच्या दारात तू बसणार कशावर?"

"चर्चच्या कोठारात एक जुनी चाकांची खुर्ची असते. ती तू आजच इथे आणायचीस. या गाडीत आता जागा नाही, पण तुझ्याकडे पिकअप आहे. दर रविवारी आमच्या मागून यायचं, अर्सेनिओ. फार जवळ नको, धूळ उडते."


शेवटचा हात

रविवारी लाल गाडी निघाली. एलॉय चालवत होता, शेजारी दोन्या, मागे ओर्लिंडा. त्यांच्यामागे पिकअप, पिकअपमध्ये दोराने बांधलेली खुर्ची आणि अर्सेनिओचा चेहरा.

एलॉयने स्पीकर पहाटेच कड्यात बसवला होता. आता त्याने बटण फिरवलं. डिकीतून खोल, गोल, छातीत उतरणारा पहिला ठोका आला, गाडीची काच थरथरली आणि एलॉयच्या डोळ्यांत पाणी आलं. हे रेझिनचं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला माणसं टोप्या काढून उभी होती. गाडी जवळ आली, पुढच्या सीटवर जांभळी शाल पांघरलेल्या दोन्या दिसल्या, तशा टोप्या हवेत तशाच राहिल्या. दोन्या प्रत्येकाकडे बघून मान हलवत होत्या, आणि कोणाकडे किती हलवायची हे त्यांनी काल फटीतूनच ठरवलेलं दिसत होतं.

"आणखी हळू," त्या म्हणाल्या.

"याहून हळू म्हणजे उभी, दोन्या."

"मग उभी कर जरा. त्या खांबापाशी. ते मिठाचं बोलणारे आहेत."

चर्च आलं. घंटा वाजत होत्या. एलॉयने वळणाचा दिवा लावून गाडी आत घ्यायला सुरुवात केली.

"कुठे चाललास?"

"चर्च आलं, दोन्या. प्रार्थना सुरू होईल."

"देव मला रोज बघतो," दोन्या शाल सारखी करत म्हणाल्या. "नदीपलीकडच्यांनी अजून बघितलेलं नाही. वळव. आणि ते तुझं जरा मोठ्याने लाव, दारं बंद करून बसले असतील."

मागून अर्सेनिओने हॉर्न दिला. एलॉयने आवाज वाढवला आणि आपली गाडी नदीकडे वळवली.