बेगमची मराठी शिकवणी

जनावर आणि जावई, दोघांना पहिल्या महिन्यात जे वळण लागतं तेच शेवटपर्यंत टिकतं, असं दत्तप्रसाद आगटे यांचं ठाम मत होतं. हे मत चारचौघांत मांडताना आपणही कोणाचे तरी जावई आहोत हे त्यांच्या लक्षात राहत नसे. सत्यशीलाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मात्र ते पक्कं लक्षात असे.

नारायण पेठेतल्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवून आगटे सर निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात, बँकेत जाऊन उगाच पासबुक भरून आणतात. सरांनी अरबी घोडी आणली. सत्यशीलाबाईंना माहेरकडून लोणी काळभोरला कॅनॉलच्या कडेने जमिनीचा एक तुकडा आला होता. तिथे त्या शेवगा लावणार होत्या, खड्डेही घेऊन झाले होते. एका सकाळी बघायला गेल्या तर खड्डे बुजलेले, वर पत्र्याची शेड, आणि शेडमधून एक लांबट, देखणं तोंड त्यांच्याकडे बघत होतं.

"हा शेवगा का?" बाईंनी विचारलं.

"ही बेगम," सर म्हणाले. "अस्सल अरबी. चेहरा बघ, बशीसारखा खोलगट. शेपूट बघ, कशी वर धरते. या जातीत पुष्कळदा एक बरगडी कमी असते, माहीत आहे?"

"आणि माणसांच्या जातीत?" बाई म्हणाल्या. "तिथे काय कमी असतं?"

सरांची योजना मोठी होती. आधी बेगमसाठी चांगलं स्थळ बघायचं. फलटणच्या बाजूला एक घोडा त्यांच्या नजरेत होता. घराणं उत्तम होतं आणि आज्याच्या आज्यापर्यंत वंशावळ लेखी होती. बेगमला शिंगरू होईल, त्याची पुढे शिंगरं होतील, आणि मग 'आगटे अरबी अश्वभ्रमण' सुरू करायचं. शहरातले लोक रविवारी येतील आणि उसातून, पेरूच्या बागांतून घोड्यावर बसून टेकडीपर्यंत जातील. मुलीच्या, उत्कर्षाच्या, स्थळांची याच्या निम्म्यानं चौकशी केली असती तर एव्हाना ती उजवली असती, असं बाई म्हणायच्या. उत्कर्षाचं मत विचाराल तर घोडीनं तिच्यावर उपकारच केले होते.

घोडी दिली होती रियाजभाईंनी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोडे. दोर हातात देताना ते एवढंच म्हणाले होते, "सर, दोन शब्द ध्यानात ठेवा. चल म्हटलं की चालते, बस म्हटलं की थांबते. बाकी तिला सगळं कळतं."

इथे आगटे सरांमधला मराठीचा मास्तर जागा झाला. "बस म्हणजे थांब? रियाजभाई, बस म्हणजे बसणे. तुमचं ते 'बस' म्हणजे 'पुरे'. घोडी आता मराठी घरात आली आहे, तिला शुद्ध मराठी आलंच पाहिजे."

"तुमची मर्जी," रियाजभाई म्हणाले आणि निघाले. त्यांना दुसरीकडे नाल ठोकायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. एवढ्या खानदानी घोडीला अरे-तुरे करणं सरांच्या जिवावर आलं. म्हणून ते तिला आदरार्थी बोलत. "चलावं, बेगमसाहेब." बेगम चाले. "थांबावं, बेगमसाहेब." बेगम चालतच राही. सर दोराला लोंबकळत तिच्यामागून शेतभर फिरत. "थांबावं! अहो, थांबावं म्हणतो ना!" शेवटी दम लागून ते स्वतःशीच म्हणत, "बस, आता होत नाही," आणि बेगम जागच्या जागी उभी राही.

"बघितलंत?" घाम पुसत ते शेजारच्या बापूरावाला सांगत. "ऐकते. पण विचार करून ऐकते. घराण्याचा परिणाम."

बापूराव हा लोणीचाच शेतकरी. त्याला घोड्यातलं काही कळत नव्हतं, पण ते त्यानं कधी आड येऊ दिलं नाही. "व्हय की," तो म्हणे. "मोठ्या घरची हाय."

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. सरांचा त्या घोडीवर जीव जडला होता. निवृत्तीनंतर त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं जगात कोणी उरलं नव्हतं. उत्कर्षा कानात काहीतरी घालून बसे, बाईंना दुसऱ्या वाक्याला काम आठवे. बेगम मात्र मान खाली घालून, कान त्यांच्याकडे वळवून समासाचे सगळे प्रकार ऐकून घेई. मधेच नाक त्यांच्या बगलेत खुपसे. त्या वेळी सरांना फार बरं वाटायचं.

म्हणूनच बाईंनी जेव्हा निर्वाणीचं सांगितलं तेव्हा सरांच्या डोळ्यांपुढे शेवग्याचे खड्डे आले. "रविवारी दादा येतोय. त्याला घोडीवरून टेकडीपर्यंत फिरवून आणा. तो धड परत आला तर घोडी राहील. नाहीतर सोमवारी रियाजभाईंना फोन करायचा आणि मी शेवगा लावणार."

दादा म्हणजे बाईंचे थोरले बंधू महिपतराव. हडपसरला भाजीचे मोठे व्यापारी. वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी. त्यांना घोड्याची हौस नव्हती, पण बहिणीनं सांगितलं म्हणजे यायचं असा त्यांचा शिरस्ता होता.

सरांनी बाहेर मात्र जराही चलबिचल दाखवली नाही. "अगं, टेकडीच काय, सासवडपर्यंत नेऊन आणतो त्यांना," ते म्हणाले.

रविवारी सगळं झोकात सुरू झालं. महिपतराव स्टुलावर चढले. सर अदबीनं म्हणाले, "बसा महिपतराव, आरामात बसा." बेगम खांबासारखी स्थिर उभी राहिली. महिपतरावांसारखं ओझं पाठीवर आलं तरी तिनं कान हलवला नाही. सरांनी बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं. बाई पाण्याच्या बाटल्या आणि चिवड्याचा डबा घेऊन स्कूटरवर बसल्या होत्या. त्यांनी फक्त हेल्मेट घातलं.

"चला," सर म्हणाले. बेगम निघाली. पुढे दोर धरून सर, मागे बापूराव, त्याच्यामागे स्कूटर.

कॅनॉलच्या रस्त्याला लागल्यावर महिपतराव जरा डावीकडे कलले.

"नीट बसा," सर म्हणाले.

बेगम थांबली. महिपतराव थांबले नाहीत. ते पुढे सरकत मानेपर्यंत गेले आणि आयाळीला मिठी मारून राहिले.

"दाजी, हे काय?" त्यांनी आयाळीतूनच विचारलं.

"वारा हुंगतेय," सर म्हणाले. "वाळवंटातलं रक्त आहे. चला, चला." बेगम निघाली.

थोडं पुढे गेल्यावर महिपतराव म्हणाले की उतरतो, चालत येतो, मला चालायला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. पाहुण्यानं उठायची भाषा केली की यजमानानं काय म्हणायचं ते आपल्याकडे ठरलेलं आहे. सरांच्या तोंडून ते आपोआप गेलं, "छे छे, बसा हो, बसा!"

बेगम पुन्हा थांबली. महिपतराव पुन्हा मानेवर गेले.

आता बापूरावाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो वाकला, जमिनीला हात लावला, आणि जिथे बेगमचे पाय होते तिथे एक धोंडा ठेवला. "सर, खाली पानी हाय," तो हळूच म्हणाला. "मगाशी थांबली तिथंबी असनार. जनावराला कळतंय."

खरं म्हणजे सरांनी इथेच त्याला झटकायला हवं होतं. पण माणसाला कौतुकाची भूक असते, आणि घोडी का थांबते हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. ते गंभीरपणे म्हणाले, "अरबी घोड्यांना पाण्याची जाण असतेच. वाळवंटात त्यांच्या पूर्वजांनी हेच केलं."

झालं. बापूरावानं पेरूच्या बागेतल्या माणसांना हाक मारली. माणसं आली, त्यांनी आणखी माणसं बोलावली. "सर, माझ्या वावरात आना की घोडी," एकानं गळ घातली. "न्हाई, आधी माझ्या," दुसरा म्हणाला. "माझं बोर दोनदा फेल गेलंय." एक आजी नारळ घेऊन आल्या. सर सगळ्यांना हात जोडून म्हणत होते, "येतो, सगळ्यांकडे येतो. तुम्ही आधी बसा, बसा सगळे."

लोक बांधावर बसले. बेगम जिथल्या तिथे अधिकच घट्ट उभी राहिली. आजींनी तिच्या पुढ्यात नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा महिपतरावांच्या हातात आला, आणि कोणीतरी त्यांच्या गुडघ्याला कुंकू लावलं, कारण हात तिथपर्यंतच पोचला.

महिपतराव शांत माणूस होते. पण मार्केटमध्ये हमालांना आवाज द्यायची त्यांना सवय होती आणि आता त्यांचा संयम संपला. त्यांनी दोन्ही टाचा आपटल्या आणि गर्जना केली, "अहो, चला ना घरी! चला, चला, चला!"

एवढ्या वेळा चल म्हणून बेगमला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिनं शेपूट वर धरलं आणि सुटली. दोर सरांच्या हातातून सर्रकन निघून गेला. बांधावरची माणसं उठून उभी राहिली. कॅनॉलच्या कडेने बेगम वाऱ्यासारखी चालली होती, आणि ती वाट पुढे थेट सोलापूर रस्त्याला मिळत होती. तिथे उसाचे ट्रॅक्टर आणि एसट्या कोणाची वाट बघत नाहीत. मेव्हण्याचं काय होईल आणि घोडीचं काय होईल, दोन्ही एकदम सरांच्या मनात आलं. आधी कोणाचं आलं ते विचारू नका.

"थांबावं!" ते ओरडले. "बेगमसाहेब, थांबावं! महिपतराव, धरा! घट्ट धरा!"

सकाळपासून मिनिटामिनिटाला 'बसा' म्हणणारा माणूस नेमका त्या क्षणी 'धरा' म्हणाला.

सत्यशीलाबाईंनी स्कूटर सुरू केली. "बसताय की नाही मागे?" त्या सरांना म्हणाल्या. हे त्यांनी बेगमच्या कानाशी म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण बेगम केव्हाच पल्ल्याबाहेर गेली होती. सर मागे बसले. स्कूटर खड्ड्यांतून उडत निघाली. चिवड्याचा डबा वाटेतच पडला. सर बायकोच्या कानाशी ओरडत होते, "थांबावं! विनंती आहे, थांबावं! सत्यशीला, हॉर्न नको, बुजेल ती! थांबावं!"

स्कूटर घोडीच्या अगदी मागे पोचली. पुढे रस्ता दिसायला लागला होता. एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणं लावून जात होता. सर अजून ओरडतच होते. इतक्या वर्षांचं सगळं बाईंच्या ओठांवर आलं. त्या मागे वळून नवऱ्यावर कडाडल्या, "बस झालं आता!"

सर गप्प झाले. बेगम थांबली.

महिपतराव एक सुरेख वळण घेऊन उसाच्या पाचटाच्या ढिगावर उतरले. ढीग मऊ होता. ते त्यात कमरेपर्यंत गेले आणि तिथेच राहिले.

मग बाईंनी स्कूटर लावली, दोर उचलला, घोडीच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चल." बेगम चार पावलं चालली. "बस." बेगम थांबली. बाईंनी पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला की तो सरांनी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"हे माझ्या 'थांबावं'चंच फळ आहे," सर म्हणाले. "फक्त उशिरा लागलं."

बाई भावाकडे गेल्या. "दादा, लागलं का रे?"

"लागलं नाही," महिपतराव पाचट झटकत म्हणाले. "पण मी धड परत आलो असं म्हणता येणार नाही. माझी एक चप्पल कॅनॉलमध्ये आहे."

म्हणजे अट मोडली होती. सरांना ते कळलं. ते बेगमपाशी गेले, तिच्या घामेजलेल्या मानेवर हात ठेवला. तिनं सवयीनं नाक त्यांच्या बगलेत खुपसलं. सरांचे डोळे भरून आले. त्यांना बोलायचं होतं, पण शब्द सुचेना, आणि मराठीच्या मास्तरावर असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता.

"सत्यशीला," ते शेवटी म्हणाले, "चूक तिची नाही. तिला पाठवू नकोस."

"पाठवतंय कोण?" बाई म्हणाल्या. "या घरात मी आजपर्यंत हजारदा बस म्हटलं असेल. पहिल्या शब्दाला थांबणारं आज कोणीतरी भेटलं. बेगम राहणार. तिच्यासाठी स्थळही बघू. आणि रविवारच्या फेऱ्या मी नेणार."

सरांचा जीव भांड्यात पडला. "आणि मी?" त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. रियाजभाईंच्या तबेल्यात गिऱ्हाईक जनावराला निरखतं, अगदी तसं.

"तुम्हाला महिनाभर ठेवून बघते," त्या म्हणाल्या. "फेरीला यायचं, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही. जमलं तर राहाल."

सरांना यावर पुष्कळ म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, रस्त्याकडे बघितलं, घोडीकडे बघितलं आणि मिटलं. 'थांबावं' म्हटल्यावर बेगमनं शिकवणीत जे कधी केलं नाही, ते सरांनी पहिल्याच दिवशी करून दाखवलं.