वाघमहाराजांच्या घशातला डिंकाचा लाडू

एका जंगलात बारसं होतं, मुलांनो, आणि बारशाला लाडू होते. वाघीणराणीला बछडा झाला होता. तिच्या माहेराहून डबाभर डिंकाचे लाडू आले होते. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त बाळंतिणीसाठी.'

वाघमहाराजांना वाचता येत होतं. म्हणून त्यांनी डब्याकडे पाठ केली आणि मागच्या मागे पंजा घालून एक लाडू काढला. राणी पाळण्यात बघत होती. महाराजांनी अख्खा लाडू तोंडात टाकला.

तुम्ही कधी चोरून खाल्लं असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे. चोरीचा लाडू चावायला वेळ नसतो. तो घशात जाऊन बसला.

महाराजांनी गळ्याला पंजा लावला. डोळे वटारले. आवाज काही फुटेना.

"ठसका," कोल्हा प्रधान म्हणाला. "कुणीतरी आठवण काढतंय. वर बघा महाराज, वर बघा."

महाराजांनी वर बघितलं. लाडू आणखी ऐसपैस बसला.

"आठवण मी काढली," हत्ती म्हणाला.

"मी तर सकाळपासून काढतोय," रानडुक्कर म्हणालं.

"अरे, ते समोर उभे आहेत. त्यांची कसली आठवण काढता?" राणीनं विचारलं.

"राणीसाहेब, खरी निष्ठा असेल तर समोर असतानाही आठवण येते," कोल्हा म्हणाला.

महाराज पुन्हापुन्हा गळ्याकडे पंजा नेऊ लागले.

"हार मागतायत," कोल्हा म्हणाला. लगेच हार घालण्यात आला. महाराज जोरजोरात मान हलवू लागले, तेव्हा आणखी एक घालण्यात आला.

महाराजांचे ओठ निळे पडले.

"निळा शोभतो हो महाराजांना," रानडुक्कर म्हणालं.

शेवटच्या रांगेत बकुळी वानरीण बसली होती. ती डोंगरापलीकडच्या शाळेत शिकून नुकतीच परत आली होती. घशात घास अडकला तर काय करायचं, हे ती आल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत होती. सगळे म्हणत होते, "आली मोठी शहाणी."

ती धावत पुढे आली. "महाराज, बोलता येतंय? खोकता येतंय? येत असेल तर जोरात खोका."

महाराजांनी नाही अशी मान हलवली. तेवढ्यात हत्तीनं सोंडेत पाणी भरलं.

"हत्तीदादा, पाणी नको. वाटच बंद आहे. प्रधानजी, मी आता महाराजांच्या पाठीत मारणार आहे."

"महाराजांची परवानगी?"

"त्यांना बोलता येत नाहीये."

"मग बोलता आलं की विचार."

बकुळी थांबली नाही. तिनं महाराजांना पुढे वाकवलं. एका हातानं छातीला आधार दिला. दुसऱ्या तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच दणके घातले. लाडू हलला नाही.

मग ती बारशाच्या पाटावर चढली आणि मागून महाराजांच्या कमरेला मिठी मारली. मूठ बेंबीच्या जरा वर, बरगड्यांच्या खाली. मुठीवर दुसरा हात. आत आणि वर, असा झटका दिला. मग दुसरा. तिसऱ्या झटक्याला लाडू सुटला, पाळण्यावरून गेला आणि राणीच्या मांडीत पडला.

महाराजांनी मोठा श्वास घेतला.

"आता वैद्यांना पोट दाखवून घ्या," बकुळी म्हणाली. "झटके जोरात बसलेत."

"पाठीत पाच, पोटात तीन," कोल्हा म्हणाला. त्यानं इतका वेळ काहीच केलं नव्हतं, पण मोजलं नीट होतं. "हा राजद्रोह आहे."

राणी लाडू उलटसुलट करून बघत होती. "अहो, हा माझ्या डब्यातला."

"कुठला लाडू?" महाराज म्हणाले. जीव वाचल्यावरचे हे त्यांचे पहिले शब्द.

"मग हिनं तुमच्या पोटात का मारलं?"

आता आली का पंचाईत, मुलांनो? लाडू होता म्हणावं, तर महाराज चोर. नव्हता म्हणावं, तर बकुळी गुन्हेगार. महाराजांनी दोन्ही बाजूंचा विचार केला आणि स्वतःची बाजू घेतली.

"मला आठवणीचाच ठसका लागला होता," ते म्हणाले. "बकुळीला जंगलाबाहेर घालवा."

बकुळीनं मान खाली घातली. "श्वास नीट लागतोय ना, महाराज?" तिनं विचारलं आणि ती निघाली.

"जाऊ दे तिला," राणी शांतपणे म्हणाली. "डब्यात अजून चाळीस लाडू आहेत. डबा इथेच असतो, पाळण्याजवळ. दुपारी मी झोपलेली असते."

महाराजांनी डब्याकडे बघितलं. मग कोल्ह्याकडे बघितलं. कोल्हा सवयीनं वर बघत होता.

"थांब गं बकुळे," महाराज म्हणाले. "एवढी कसली घाई?"

त्या दिवसापासून बकुळीला दरबारात मानाची जागा मिळाली. लाडवांच्या डब्याला लागून. शाल आणि नारळ मात्र कोल्ह्याला देण्यात आला, कारण वर बघायला त्यानंच सांगितलं होतं.

तात्पर्य: आपला जीव वाचवणाऱ्याचे उपकार राजा कधीही विसरत नाही. निदान डबा रिकामा होईपर्यंत.