दार म्हणायचं नाही

मुलांनो, क्षणभर असं समजा, की तुम्हाला आजपासून ‘मीठ’ म्हणायला बंदी झाली आहे. खायला बंदी नाही. डबा समोर आहे, झाकण लागलेलं आहे आणि ताटातले बटाटे अळणी आहेत. आता तो डबा मागून दाखवा बरं! जमत नाही ना? मग तुम्ही मुंगीच्या घरी येऊन पोचलात. बसा.

मुंगी ही एक मुलगी. पडलेलं नाणं दिसलं की उचलून साठवायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. तिला सायकल हवी होती. निळी, पुढे टोपली असलेली. तिचा मातीचा गल्ला असा गच्च भरला होता, की हलवला तरी वाजत नसे. सायकलवाल्याने ती सायकल तिच्यासाठी शनिवारपर्यंत राखून ठेवली होती.

तिच्या बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणं हा त्यांचा धंदा. एका संध्याकाळी ते चोरपावलांनी आपल्याच घरात शिरले आणि त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले.

“आजपासून आपला पैसा खासगी,” ते कुजबुजले. “मुंगीचा गल्लासुद्धा. सगळं ‘मौन पाकिटा’त.”

मौन पाकीट मोबाइलमध्ये राहत असे. त्यात नोटा-नाणी चालत नसत. संगणकांच्या जाळ्यावर फिरणारं, हाताला न लागणारं क्रिप्टो चलन चाले. त्या कंपनीला तुमचं नाव नको होतं, पत्ता नको होता, फोटो तर मुळीच नको होता. बाबांना त्यांचा हा निरिच्छपणा फार आवडला होता.

“पण त्यांनी माझे पैसे खाल्ले तर?” मुंगीने विचारलं.

“खातील कसे? ओपन सोर्स आहे ते! संगणकाला दिलेली आतली आज्ञा न् आज्ञा उघड्यावर लिहून ठेवलीय. कुणालाही वाचता येते.”

“तुम्ही वाचलीत?”

बाबा हसले. “अगं, कुणालाही वाचता येते म्हटल्यावर कुणीतरी वाचलीच असेल की! वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई हेच पाकीट वापरतात. दातांच्या का होईना, डॉक्टर आहेत त्या.”

गल्ला फुटला.

पाकिटाची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते क्रमाने सांगितले तर पाकीट तुमचं. विसरलात तर कुणाचंच नाही. लिहून ठेवावेत तर चोर वाचेल. म्हणून बाबांनी ते घरातल्या चौघांत वाटले, प्रत्येकाला तीन, तेही कानात. पहिले स्वतःला, मग आईला, मग आजोबांना, शेवटचे मुंगीला. मग त्यांच्या मनात आलं, की चुकून कुणी बोलून गेलं तर? भिंतींनाही कान असतात. लगोलग ‘घरगुती गोपनीयता आदेश’ निघाला: संबंधित व्यक्तीने आपल्या वाट्याचे शब्द कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही आवाजात उच्चारू नयेत.

आता आई होती बसस्थानकावर, घोषणा करायला. आणि तिच्या वाट्याला आलेला एक शब्द होता ‘दार’.

“प्रवाशांनो, कृपया मागे सरा,” दुसऱ्या दिवशी तिचा आवाज स्थानकभर घुमला. “आपण जिथून आत येता, ते आता बंद होत आहे.”

लोकांना वाटलं, स्थानकच बंद होतंय. पळापळ झाली. एक गृहस्थ तर खिडकीतून बसमध्ये शिरले.

“बाई, सरळ दार म्हणायला काय होतं?” साहेबांनी विचारलं.

“खासगी आहे,” आई म्हणाली.

साहेबांनी जिभेच्या दुखण्यासाठी तिची रजा मंजूर केली.

आजोबांचे हाल याहून वाईट. त्यांच्याकडे ‘मीठ’ होतं आणि ‘बेडूक’ही होता. मुंगीला गोष्ट सांगताना ते म्हणत, “मग तळ्यातून आला तो हिरवा, उड्या मारणारा गृहस्थ.” दाढ दुखायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजोबा, गुळण्या कशाच्या करता?”

“त्या पांढऱ्या, समुद्रातल्या पदार्थाच्या.”

“मिठाच्या?”

आजोबांनी घाबरून तोंड मिटलं ते उघडेचना. दाढ तशीच घरी परत आली.

हे कळल्यावर बाबांना घाम फुटला. “अरे देवा! आपण जो शब्द टाळतो, तोच तर लोकांना ऐकू येतो!” त्यावर त्यांनी तर्कशुद्ध उपाय काढला. पुरवणी आदेश: खऱ्या शब्दांबरोबर काही खोटे शब्दही प्रत्येकाने टाळावेत, म्हणजे चोर गोंधळेल. चमचा, उशी, मंगळवार, काका. रोज नवे शब्द वाढत गेले. घरात इतकी शांतता नांदू लागली, की शेजाऱ्यांना वाटलं, भांडण झालंय.

चोर गोंधळला की नाही, ठाऊक नाही. शुक्रवारी बाबांनी गडबडीत चष्मे धुण्याच्या यंत्रात चष्म्याऐवजी मोबाइल टाकला. मोबाइल स्वच्छ निघाला. चालू मात्र होईना.

नव्या मोबाइलवर मौन पाकिटाने नम्रपणे विचारलं: आपले बारा शब्द?

सगळे आजोबांकडे वळले. “मीठ असेल,” आजोबा डोकं खाजवत म्हणाले. “की चमचा? अरे, तूच सांगितलेस ना इतके! आता खरा कुठला नि खोटा कुठला, मला काय माहीत?”

आईचीही तीच गत. बाबांची तर त्याहून, कारण खोटे शब्द त्यांनीच शोधले होते. फक्त मुंगीला आपले तीन शब्द पाठ होते. रोज दात घासताना, तोंडात फेस असताना ती ते म्हणून घ्यायची. तेव्हा कुणाला काय कळतंय!

“माझी सायकल!” ती म्हणाली. “उद्या शनिवार आहे.”

बाबांनी मदतवाहिनीला फोन लावला.

“आपण कोण, हे सांगू नका,” पलीकडून गोड आवाज आला. “आम्ही कोण, हे आम्ही सांगणार नाही. आपले पैसे कुठे आहेत, हे आम्हाला कळू शकत नाही, याबद्दल आपलं अभिनंदन. आणखी काही सेवा?”

मुंगीने भोकाड पसरलं. ते ऐकून वरून डॉक्टरीणबाई उतरल्या आणि तळमजल्यावरून कुलूपवाले काका चढून आले. काय झालं ते कळल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“एवढंच ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजोबांचे मीठ, बेडूक, छत्री. आधी हेच तीन शब्द गायब झाले. बाकीचे नंतर.”

“वहिनींचे दार, गाजर, ढग,” काका म्हणाले. “आणि चष्मेवाले, तुमचे कंदील, पाय आणि लोणी. अहो, आम्ही रोज चहाला पैजा लावायचो, आज काय गाळतायत म्हणून!”

“म्हणजे सगळ्या इमारतीला माहीत होतं?” बाबांचा आवाज चिरकला.

“इमारतीला आणि बसस्थानकाला.”

शब्द ऐकताच ज्याला त्याला आपापला क्रम आठवला, आणि मुंगीने डोळे पुसत शेवटचे तीन शब्द घातले. पाकीट उघडलं! आजोबा “बेडूक! बेडूक!” असं ओरडत नाचले. आता पैसे बाहेर काढायचं बटण तेवढं दाबायचं होतं. पण त्याआधी एक छोटा रिकामा चौकोन होता आणि त्यापुढे लिहिलं होतं: ‘मी आतलं सर्व लिखाण वाचलं आहे व माझा त्यावर विश्वास आहे.’

“दाब, दाब! खूण कर आणि हो पुढे!” सगळे एका सुरात म्हणाले.

मुलांनो, तुम्ही काय केलं असतं, ते मी विचारत नाही. आपल्या बोटालाच विचारा. त्याला तो चौकोन तोंडपाठ आहे.

मुंगीचं बोट मात्र अधांतरी थांबलं. “हे वाचलंय कुणी?”

“डॉक्टरीणबाईंनी,” बाबा म्हणाले.

“मी? छे! मला काकांनी सांगितलं. कुलपातला माणूस, त्यांनी पाहिलंच असेल.”

“मी कशाला पाहू?” काका म्हणाले. “मला आमच्या चष्मेवाल्यांनी सांगितलं. म्हटलं, बारीक अक्षर वाचणं हा तर त्यांचा धंदा!”

बाबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला.

मुंगीने बाबांची नमुन्याच्या चष्म्यांची पेटी ओढून आणली आणि एकेकाच्या नाकावर एकेक चष्मा चढवला. “शब्द वाटून घेतलेत ना? तसंच हेही वाटून घेऊ. जी ओळ कळणार नाही, तिच्यावर बोट ठेवायचं. उद्या सायकलीचं दुकान उघडायच्या आत संपायला हवं.”

“अगं, मला दवाखान्यात...” डॉक्टरीणबाई उठल्या. कुलूपवाले काका चष्म्यासकट जिन्याकडे सरकू लागले. बाबांना अचानक दुकानाची आठवण झाली.

“आई,” मुंगी मोबाइल मधोमध ठेवत म्हणाली, “दार लाव. आतून.”