दुखनं तुह्यं, तोंड माह्यं

अनसूयामावशी साठीनंतर तीनदा बाळंत झाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलासमोर, तोंडी.

त्याचं असं, की आमच्या कोराडीच्या कॉलनीतल्या बायकांना पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायची लाज. त्यात डॉक्टर बंगालकडचे. त्यांना मराठी येईना, बायकांना हिंदी. मावशी नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी इटारसीला राहून आलेली, त्यामुळे हिंदी आपल्याच मालकीची आहे असं तिला वाटे. एखादी बाई मागं सरली की मावशी म्हणे, "दुखनं तुह्यं, तोंड माह्यं. चाल वं!" आणि बसमध्ये खिडकीची जागा धरी. तेवढीच तिची फी.

टेबलासमोर मात्र ती कुणाचं नाव घेत नसे. सगळं स्वतःवर घेई.

"डाक्टरसाब, मेरे को बाळंत होके डेढ महिना हुआ, दूधच नहीं उतरता!"

डॉक्टर तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत. "बच्चा किधर है, माताजी?"

"ये क्या! इसके पास दिया ना पकडने को!"

शेजारी कुणाची तरी सून पदराआड लाल होऊन बसलेली. डॉक्टर चेहरा न हलवता तिच्यासाठी औषध लिहून देत.

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., कॉलनीच्या शाळेत मास्तरीण. मला हे पटेना. "मावशी, हे खोटं बोलणं झालं. 'हिला त्रास आहे' असं सरळ सांगावं."

"मंग सारे तिच्याकडे पाह्यतीन ना! माह्याकडे पाह्यलं तं माह्यं काय जाते? बी.ए. झाली, पण एवढं नाई समजत तुले."

एका थंडीतल्या दुपारी मावशी आली आणि दारातच उभी राहिली. एरवी ती थेट चुलीपर्यंत येणारी.

"वाडीले एक बाई हाय वं. तिच्या छातीत गाठ आली म्हणते. मोठी होऊन राह्यली."

"मग घेऊन जा तिला."

"तिले लाज वाटते."

"तू आहेस ना सांगायला!"

मावशी पदर उगाच डावीकडे ओढत राहिली. इतक्या वर्षांत एखादं दुखणं दुसरीचं म्हणून सांगताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते.

"उद्या सकाळच्या बसनं जाऊ," मी म्हटलं. "खिडकी तुझीच."

डॉक्टर तिला बघून हसले. "आज आपको क्या हुआ, माताजी?"

मावशीनं मान खाली घातली. सगळ्या कॉलनीची दुखणी बोललेलं ते तोंड उघडेचना. मी स्टूल पुढे ओढलं.

"मेरी छाती में गाँठ है, डॉक्टरसाहब. बढ़ रही है."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. नर्सला हाक मारली आणि पडद्यामागच्या खाटेकडे हात केला. "आइए, माताजी."

मावशी आत गेली. पडदा ओढला गेला. मग डॉक्टरांनी मलाच विचारलं, "कब से है आपको?"

"दिवाळी से," मी अंदाजानं ठोकून दिलं.

पडद्याआडून बारीक आवाज आला, "पोळ्यापासून सांग वं, पोरी."