तीस पानांचा एकटेपणा

वाचकगटात प्रतिक्रिया टाकायची ती शेवटची संध्याकाळ, आणि दातांच्या डॉक्टरांचं गाडं तिसाव्या पानावर रुतलेलं. पुस्तक होतं एका एकाकी माणसाची गाजलेली जुनी जपानी कादंबरी. तीस पानं झाली तरी तो माणूस खिडकीतून हलत नव्हता आणि डॉक्टरांना पानागणिक डुलकी येत होती. पण गप्प राहावं, तर गटात अब्रूचं खोबरं. डॉक्टरांनी मलपृष्ठावरचा मजकूर दोनदा वाचला आणि ठोकून दिलं : "हा नायक म्हणजे मीच. दिवसभर माणसांत असतो, पण माझ्याशी कुणी बोलत नाही. पुस्तक मिटलं आणि ढसाढसा रडलो."

यातलं पुस्तक मिटलं होतं, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट खुर्चीत आडवा झाला, पण तोंड उघडेना. "दात ठणठणीत आहेत हो," डॉक्टरांचा हात हातात घेत तो म्हणाला, "मीही गटात आहे ना! म्हटलं, जरा गप्पा माराव्यात." दुपारपर्यंत बाकावर धीर देणारे दाटीवाटीने बसले आणि ज्याची दाढ खरंच सुजली होती, तो गाल धरून उभा.

घरी बायको फुरंगटलेली. "कुणी बोलत नाही? मग इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलते?"

"अगं, ते साहित्यिक होतं."

"आणि रडलात कधी? मी आले तेव्हा तर घोरत होतात!"

तरी माया ती मायाच. तिने भावाच्या कानावर घातलं. मेहुणा रोज सकाळी त्यांना फिरायला ओढून नेऊ लागला आणि वाटभर गाडीच्या टायरांवर बोलू लागला. त्याने आईला कळवलं आणि सासूबाई बॅग घेऊन दारात हजर.

"जावईबापू, आता तुम्हाला क्षणभर एकटं सोडायची नाही."

त्यांनी शब्द पाळला. डॉक्टर अंघोळीला गेले तरी बाहेरून हाक यायची, "बरं वाटतंय ना?"

आठवड्याभरात डॉक्टर खरोखरच रडकुंडीला आले. रविवारी बायको बाजारात गेली तशी त्यांनी हिय्या केला. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"आई, मी एकटाबिकटा काही नाही. पुस्तकही तीस पानांपुढे गेलं नाही. चारचौघांत मिरवायला थाप मारली. तुम्ही उगाच अडकलात, उद्याच्या गाडीचं बघू का?"

"थाप आहे ते मला आल्या दिवशीच कळलं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी वाचलंय ते. त्यातला माणूस दाराची बेल वाजली की चपला न घालता धावतो. तुम्ही बेल वाजली की पांघरूण ओढता."

"मग राहिलात कशाला?"

सासूबाईंनी एक शेंग उगाचच दोनदा सोलली. "तिकडे मी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला उत्तरं देते. तो 'नमस्कार' म्हणाला की मीही म्हणते. लेकीकडे कारणाशिवाय कसं यायचं? तुमचं बरं निमित्त मिळालं." मग घाईने म्हणाल्या, "तिला बोलू नका हं. उगाच जिवाला लावून घेईल."

डॉक्टरांनी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

तेवढ्यात बायको पिशव्या घेऊन आत आली. "कसं वाटतंय हो आता?"

"अजून फार एकटं वाटतं गं," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले.

"मग आईला महिनाभर ठेवून घेऊ या?"

"महिन्याने काय होतंय?" डॉक्टर म्हणाले. "माझा आजार जुनाट आहे."