जंतूंचा बंदोबस्त

अहो, चांगल्या जमलेल्या सॉसमध्ये नवऱ्याने डाव घातला की काय होते, ठाऊक आहे का तुम्हाला? नसेल तर प्रयोगरावांचे ऐका.

प्रयोगराव हे घरच्यांनी ठेवलेले नाव. गृहस्थ अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत टायपिस्ट. (प्रयोग दुसरे करायचे, हे टाईप करायचे.) त्या दिवशी त्यांच्या हाती अहवाल आला: प्रिझर्व्हेटिव्हच्या जोडीला लवंगतेलाचा नुसता अंश असला, तरी जंतूंची वाढ रोखायला दोन्ही थोडी थोडी पुरतात. झाले! गडी खुर्चीतच उडाला. घरी बायकोने टोमॅटो सॉस शिजवला होता आणि संध्याकाळी कॅन्टीनवाला चव बघायला येणार होता. त्याला पटला, तर तिला आयुष्यातली पहिली ऑर्डर मिळणार होती.

प्रयोगराव लवंगतेलाची बाटली घेऊन धावत घरी पोचले. बायको अंघोळीला गेलेली. 'थोड्याने एवढे होते, तर जास्तीने केवढे होईल!' असा बिनतोड विचार करून त्यांनी पातेल्यात भरभरून दोन चमचे ओतले आणि ढवळले.

कॅन्टीनवाला आला. त्याने चमचाभर सॉस तोंडात घातला.

"कसा झालाय?" बायकोचा जीव टांगणीला.

"अ... ल्ल..."

"बघ! शब्द फुटेना माणसाला!" प्रयोगराव टाळीसाठी हात पुढे करून नाचू लागले.

"दीभ... माधी दीभ कुथंय?"

बायकोने बोट बुडवून चाटले आणि डोळे वटारले. "अहो, काय घातलंत यात?"

"लवंगतेल! एक जंतू जगायचा नाही!"

"आणि गिऱ्हाईक?"

तेवढ्यात लेकीकडे आलेल्या प्रयोगरावांच्या सासूबाई पदराआडून एक बरणी काढत पुढे आल्या. "जावईबापू एवढे खुशीत घरात शिरले, तेव्हाच मी ही भरून बाजूला ठेवली."

पण चव घ्यायला जीभ तर हवी! मग सगळे जण तिची वाट बघत बसले. कॅन्टीनवाला मधूनमधून स्वतःच्या जिभेला चिमटा काढून बघे. अखेर तो "आई गं!" म्हणून ओरडला, तेव्हा सासूबाईंनी चमचा पुढे केला.

"वा!" तो म्हणाला. "ताई, ऑर्डर तुमचीच. पण सॉस माझ्या कॅन्टीनमध्ये येऊन करायचा. आणि एकटीनं यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कॅन्टीनला गेली, जाताना तिने स्वयंपाकघराला कुलूप लावले, आणि प्रयोगरावांनी शेजाऱ्यांकडे चहा घेतला.