नारळाएवढा मार

बुटीबोरीच्या कारखान्यात खंडेनवमीची पूजा सुरू होती आणि मालक नानाजींचा नारळ काही केल्या फुटत नव्हता. फोडायला खाली चांगला काळा दगड मांडला होता. पण लक्ष्मी असेल तिथेच नारळ फुटला पाहिजे, असा नानाजींचा हट्ट. लक्ष्मी होती टेबलावर. हार घातलेला, कुंकू लावलेला, इलेक्ट्रिक स्कूटरच्या पोटात बसणारा, कारखान्यातला विक्रीसाठी तयार झालेला पहिला बॅटरी पॅक. नानाजींनी त्याच्या पत्र्यावर नारळ एकदा आपटला, दोनदा आपटला. मागे कोणीतरी फिसकन हसले. तिसऱ्या वेळी नानाजींनी भक्तिभाव बाजूला ठेवून आपटला. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या आणि पॅकवरचा हिरवा दिवा लाल होऊन आत काहीतरी पीं-पीं वाजू लागले.

"हे काहून बोंबलून राहिलं गा?" नानाजींनी विचारले.

बोंबलत होते ते तपासणी खात्यातल्या विश्वनाथ धकातेचे यंत्र. बॅटरीला मार बसला की वरून खरचटलेलेही दिसत नाही, आणि पुढे एखाद्या दिवशी चार्जिंगला लावलेली असताना ती पेट घेते. म्हणून प्रत्येक पॅकमध्ये हे बोटभर यंत्र होते. जोराचा मार बसला की दिवा लाल, गाडी बंद, आणि कॉम्प्युटरमध्ये तारीख, वेळ, दिशा सगळे हजर. किती मार म्हणजे जोराचा, हे ठरवायला विश्वनाथने आठ महिने गुडघ्यापासून, कमरेपासून, खांद्यापासून पॅक पाडले होते. कामगार त्या यंत्राला चुगलखोर म्हणायचे. "माह्या बापाले मागाच्या खटखटीवरून कळे कोणता धागा तुटला. माह्या यंत्राले तेवढं कळते," असे तो घरी अभिमानाने सांगायचा. घरी त्याची मुलगी अदिती तेव्हा एवढेच विचारायची, "पण बाबा, मले स्कूटर कधी घेऊन देता?" नागपुरातल्या महाल भागातून हिंगण्याच्या कॉलेजला ती रोज दोन बस बदलून जायची.

प्रसाद वाटून होण्याआधीच मॅनेजर अभिजीत सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावले. सर पुण्याचे होते आणि आवाज न चढवता घाम फोडायचे.

"काय लिहिलंय त्याने?"

"अकरा बेचाळीस. वरून. तीनदा. तिसरा जोरात."

"मग आता?"

"पॅक उघडून आतून पाहा लागते, सर. नियम तुमच्याच सहीचा आहे."

"त्या पॅकचा फोटो उद्या पेपरात येणार आहे, विश्वनाथराव. तो उघडायचा नाही. रिपोर्टमध्ये काय भरायचं राहिलंय?"

"एकच रकाना. आघात कोणी केला."

सरांनी काचेतून बाहेर पाहिले. नानाजी स्वतःच्या हाताने खोबरे वाटत होते. सरांनी नजर फिरवली.

"पॅक टेबलावर कोणी आणला?"

"श्रावणनं. ट्रॉलीवर."

"मग श्रावण."

श्रावण कन्हानहून यायचा आणि दोन महिन्यांनी नोकरीत कायम होणार होता. या रकान्यात नाव गेले की कसले कायम नि कसले काय. भल्या माणसाला घाईत जे सुचते, तेच विश्वनाथला सुचले.

"सर, मर्यादाच थोडी वाढवली तर? नारळाचा मार हा मारच नाही असं धरलं, तर रकाना भरायचं कामच नाही."

सर पहिल्यांदाच हसले. "हे आधी का नाही बोललात? किती वाढवायची?"

"मोजा लागेल."

"मोजा. नानाजींचा राग धरून मोजा."

एकवीस नारळ आले. आठ महिने जीव लावून पॅक पाडणारा विश्वनाथ दोन दिवस पॅकवर नारळ फोडत बसला आणि श्रावण शेंड्या झाडत राहिला. कँटीनमध्ये चार दिवस खोबऱ्याची चटणी होती. शेवटी नानाजींच्या तिसऱ्या नारळाएवढा आकडा सापडला. 'पूजाविधीतील किरकोळ स्पर्श वगळून' असा कागद तयार झाला आणि त्याच्या खाली सही झाली ती विश्वनाथची. नवा आकडा सगळ्या यंत्रांत भरला गेला आणि दिवा निमूट हिरवा झाला.

"माह्यासाठी केलं भाऊ तुम्ही," श्रावणचे डोळे भरून आले.

पण नारळाला जे माफ झाले ते सगळ्यांनाच माफ झाले. ट्रॉली भिंतीवर आदळली, दिवा हिरवा. पॅक जिन्यावरून चार पायऱ्या उतरला, तरी हिरवा. "चुगलखोर सुधरला गा!" म्हणत कामगार बिनधास्त झाले. विश्वनाथ दोनदा सरांकडे गेला. दोन्ही वेळा सरांनी ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि सही दाखवली. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. फाटकावरच्या फळ्यावर 'आघात: शून्य' हे वर्षभर टिकले.

पुढच्या खंडेनवमीला या शून्याचे बक्षीस निघाले. नवी कोरी स्कूटर, आणि मानकरी अर्थातच विश्वनाथ धकाते.

"पॅक कोणता टाकला माहीत आहे?" नानाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "एक नंबरचा! माह्या हातचा नारळ फुटला आहे त्याच्यावर."

दसऱ्याच्या सकाळी महालातल्या गल्लीत त्याची बायको प्रेमलता आरतीचे ताट आणि नारळ घेऊन स्कूटरपुढे उभी राहिली. तिने हात वर केला आणि विश्वनाथ ओरडला, "थांब वं!"

"काहून? नव्या गाडीले नारळ नाही फोडायचा?"

"फुटलेला आहे."

त्याने लॅपटॉप जोडला आणि आपली जुनी, आठ महिने पॅक पाडून ठरवलेली मर्यादा या एका गाडीत परत टाकली. दिवा तत्क्षणी लाल झाला. चुगलखोर काहीच विसरला नव्हता. गाडी जागची हलेना.

"बाबा, बक्षीस आणलं तेही बिघडलेलंच?" अदिती हेल्मेट घालून तयार होती, तिचे डोळे पाण्याने भरले. मैत्रिणींकडे सोने द्यायला तिला गाडीवरून जायचे होते. तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून बापाच्या हातात दिला.

"पॅकला मार बसलाय, सर. कोणी ठोकला?" पलीकडून कॉम्प्युटरमध्ये पाहून विचारणा झाली.

"मीच," विश्वनाथ म्हणाला.

"मग फुकट बदलून नाही मिळणार."

अदिती रुसली तरी विश्वनाथला हायसे वाटले. गाडी बंद राहील, पण पोरगी तरी सलामत राहील. तेवढ्यात शेजारची मिनल आपली स्कूटर घेऊन आली. तीच कंपनी, तोच रंग, गणपतीत घेतलेली.

"बस वं अदिती, मी नेते तुले. काका, तुमची गाडी बंद? माही पाहा! मागच्या हप्त्यात गड्ड्यात जोरात आपटली, तरी दिवा कसा हिरवागार!"

अदिती मागे बसली.

"मिनल!"

"काय काका?"

गाडी बाजूला लाव, घरात चार्जिंगला लावू नको, हे सगळे विश्वनाथच्या जिभेवर आले होते. पण काहून, असे तिने विचारले असते, आणि मग त्या कागदापर्यंत, कागदाखालच्या सहीपर्यंत जावे लागले असते. त्याने मिनलच्या गाडीवरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिले.

"हळू जा," तो म्हणाला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. प्रेमलता अजून ताट धरून उभी होती.

"आता ह्या नारळाचं काय करू?"

"चटणी कर," विश्वनाथ म्हणाला.